तळवे समोर

४ जुलै

पोचलो एकदाचा. नोकरी अशी आहे की डोळे मिटून करावी. परिचारिकांना शिकवणारी दोन मजली शाळा, खाली मृतदेहाचा हॉल, वर वर्ग आणि मागच्या अंगाला माझी खोली. खोली छान आहे. लोखंडी पलंग, लिहायला टेबल, सकाळचं ऊन येणारी खिडकी, नळाला चक्क पाणी! आल्या आल्या पुस्तकं लावली, आंघोळ केली आणि मस्त झोप काढली.

इथे महिनाच काढायचाय. एकतीस तारखेला मोठ्या कॉलेजात मुलाखत आहे. तिथे परीक्षकांसमोर मृतदेहाच्या हातातल्या नसा एकेक करून सोडवून दाखवायच्या. माझ्या उजव्या हातासारखा हात त्यांनी बापजन्मात पाहिला नसेल. तोवर इथल्या गोगलगायींना शरीराच्या दिशा शिकवायच्या. वर, खाली, आत, बाहेर. शेंबडं पोरही शिकेल.

हॉल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला प्राचार्यबाईंसकट सगळे काका म्हणतात. मला असली नाती जोडायची हौस नाही.

६ जुलै

पहिला तास. हॉलमध्ये टेबलावर एकच देह आहे, इथल्याच जुन्या सरांचा. तीस वर्षं शिकवलं आणि मेल्यावर देहही इथेच दिला. मेल्यावरही नोकरी सुटली नाही बिचाऱ्याची.

तास सुरू होण्याआधी वर्ग त्यांच्यासमोर उभा राहतो. ताठ, पाय जुळवून, हात बाजूला, तळवे समोर. शरीराचं वर्णन करायची हीच ठरलेली स्थिती, हे मलाही ठाऊक आहे. माणूस बसलेला असो की आडवा, तो असा उभा आहे असं धरून वर्णन करतात. पण ते नुसतं धरायचं असतं, खांबासारखं उभं राहायचं नसतं! प्राचार्यबाई म्हणाल्या की दुसऱ्याच्या देहाबद्दल बोलण्याआधी आपला देह त्याच्यासमोर तसाच ठेवावा, असं जुने सर सांगत. तुम्हीही उभे राहा. मी खिडकीशी जाऊन नखं साफ करत बसलो. वीस मुली, एक बाई आणि एक म्हातारा तळवे दाखवत उभे, जणू कोणी फुकट काहीतरी वाटणार आहे.

९ जुलै

पालथ्या घड्यावर पाणी. हात किंवा पाय धडाला जिथे जोडलाय त्या टोकाजवळचं ते समीपस्थ, त्यापासून लांबचं ते दूरस्थ. कोपर समीपस्थ, मनगट दूरस्थ. तीन दिवस घोकून घेतोय. आज एकीला विचारलं तर म्हणते, समीपस्थ म्हणजे जवळचं. कशाच्या जवळचं, बाजाराच्या?

पुढच्या बाकावर एक आहे, तिचा उजवा खांदा उतरलेला. मी तिला तिरपी म्हणतो. आता वर्गही म्हणतो.

११ जुलै

फळ्यावर पोटाची आकृती काढली आणि यकृत डाव्या बाजूला असतं असं बोलून गेलो. तिरपीने हात वर केला. म्हणाली, सर, देहाची उजवी. बरोबर होतं तिचं. उजवं-डावं नेहमी देहाचं धरतात, बघणाऱ्याचं नाही. जीभ घसरली, एवढंच. पण मागच्या बाकावर खसखस पिकली.

मग तिलाच भिंतीशी उभं केलं आणि वर्गाकडून तिचं वर्णन करवून घेतलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. किती बोटं खाली? मोजा. कणा कुठे वाकलाय? दाबून बघा. दुखतंय म्हणाली. मी सांगितलं, वर्णनात दुखतंय असा शब्द नसतो, फक्त कुठे तेवढंच सांगायचं. ती रडायला लागली, तेव्हा वर्ग तिला हसत होता. बरी जिरवली.

१२ जुलै

आज कोणीच हसेना. उताणा तळवा आणि पालथा तळवा दाखवायचा होता. जुन्या सरांचा उजवा हात धरला आणि पालथा करायला गेलो. औषधात मुरलेला हात लाकूड झालेला असतो. मी जोर लावला. आत काहीतरी कडकन मोडलं. मग त्या बोटांत खडू खोचला आणि म्हणालो, घ्या, सर पुन्हा रुजू झाले.

म्हाताऱ्याने खडू काढून घेतला. मला म्हणाला की साहेब, हात तुम्ही फिरवलात, तुम्हीच सरळ करून द्या. मी त्याला फरशी पुसायला सांगितली.

१३ जुलै

उजवं मनगट भरून आलंय. सकाळी जाग आली तेव्हा हात उताणा पडला होता. पालथा करायला डाव्या हाताने ढकलावा लागला. लिहिताना तळवा पालथा लागतो, हे आजवर कधी लक्षातही आलं नव्हतं. गरम पाण्याने शेकतोय.

१५ जुलै

चालताना उजवा तळवा आपोआप समोर येतो. खिशात कोंबला तर शिवण उसवली. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबलो होतो, तर एका बाईने जाता जाता तळहातावर नाणं ठेवलं. माझ्या! मी तिच्यावर खेकसलो. तिने घाबरून आणखी एक ठेवलं.

हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला. म्हणाला, काही नाही. या गाढवाला डॉक्टर कोणी केलं?

१७ जुलै

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माझं मलाच बघवत नाही.

आज तोंडी परीक्षा घेतली. तिरपीला पंजाचं वर्णन करायला सांगितलं. ती टेबलाकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, अंगठा शरीराच्या मध्यरेषेपासून लांब. माझा अंगठा गार पडला. करंगळी मध्यरेषेजवळ. करंगळी गेली. ती ज्याचं नाव घेईल ते थिजत होतं. मी ओरडलो, थांब! ती लगेच थांबली. विचारलं, चुकलं का सर? चुकलं नव्हतं काहीच.

जुन्या सरांचा हात पुन्हा सरळ झालाय. तळवा समोर. म्हातारा म्हणतो, मी हात लावलेला नाही.

१९ जुलै

दुपारी हॉल रिकामा बघून गेलो. टेबलासमोर उभा राहिलो. डावा तळवा मीच समोर केला, उजवा होताच. माफ करा म्हणालो. एका मेलेल्या मास्तरला! काही झालं नाही. म्हातारा दारात उभा होता. म्हणाला, त्यांची माफी नको साहेब, त्यांना काय कळतंय आता. त्या पोरीची मागा.

त्या तिरपीची? हात गेला तरी बेहत्तर.

२१ जुलै

कोपर ताठ. चाकू बोटांत उभा राहत नाही, दोरीने बांधून पाहिला. मुलाखतीला दहा दिवस. या हाताशिवाय मी कोण? माझ्याकडे दुसरं काही नाही. कधीच नव्हतं.

रजेचा अर्ज दाराखालून सरकवला. आतून कडी लावली. तिच्यासमोर जायचं नाही, म्हणजे झालं.

२३ जुलै

कडी उघडली त्यांनी. बाहेरून. म्हाताऱ्याकडे सगळ्या किल्ल्या आणि फटीतून कडी सरकवायच्या पट्ट्या असतात.

वर्गच इथे आलाय. बाईंनी पाठवलं – सर आजारी आहेत, मुलींचा अभ्यास बुडायला नको. वीस जणी पलंगाभोवती. तळवे समोर. वाटलं, सूड घ्यायला आल्या. तसं काहीच नाही. चेहरे अगदी साधे. परीक्षेआधी असतात तसे.

पायांपासून सुरुवात. टाच. घोटा. गुडघा.

मी ओरडलो, दुखतंय. तिरपीने मान डोलावली आणि पुढच्या शब्दाकडे गेली.

२४ जुलै

पुन्हा आल्या. कंबर, कणा. भिंतीला टेकवून बसवलंय. वही मांडीवर. डावा हात उरलाय –

माफी मागतो. खरंच. मनापासून. पण हाक कशी मारू? तिचं नाव माहीत नाही मला. हजेरीत रोज वाचलं. एकदाही मान वर करून –

तिरपी म्हणून हाक मारली. दुसरं काही येईना तोंडात. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, खालचा जबडा.

२५ जुलै

तोंड उघडत नाही.

एकही चूक करत नाही पोरगी. किती छान शिकलीये. मी शिकवलं. मीच –

मान. छाती. श्वास थोडाच.

डावा खांदा. थांबली. विचारतेय – पुढे जाऊ का, सर? विचारल्याशिवाय पुढे जात नाही. चांगली मुलगी. उत्तर ऐकायला थांबलीये. सगळ्याच थांबल्यात. माझं तोंड –

लिहून दाखवतो. मोठ्या अक्षरात.

नको.

नको बाळा. माफ कर. नको.

वाचत नाहीये. वहीकडे नाही, हाताकडे बघतेय. कोणीतरी म्हणालं, सर गप्प आहेत म्हणजे हो.

कोपर.

नको नको न

मनगट, म्हणाली. आता बोटं. पहि