चॅनेलची रुंदी

३ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा! तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या टॅबलेटवरची अक्षरं थांबली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. सर बोलतात ते कॉलेजच्या वायफायवरून टॅबलेटवर अक्षरांत उमटतं, ते वाचून ती शिकते. मी मागे बसून पाहत होते. सिग्नल पूर्ण, वेग भरपूर — आणि वाक्य अर्ध्यावर तुटलेलं. वायफाय सांभाळते मीच, आणि मलाच काही कळत नाही.

तास संपल्यावर तिने वही पुढे केली. "मॅडम, सगळ्यांचं हसून झालं की विनोद माझ्यापर्यंत पोचतो. हा आठवडा बघते. नाही जमलं तर शिक्षण सोडून घरी जाते."

मला हसू आलं. तिलाही. मग तिने वही मिटली.

४ ऑगस्ट

सकाळी वायफायच्या यंत्रांचे चॅनेल, म्हणजे लहरींचे पट्टे, बदलले. बरं वाटलं. दहाला वर्ग भरले — पुन्हा तेच.

जेवताना नवऱ्याला समजावत होते, खरं तर स्वतःलाच. चॅनेल रुंद ठेवला की वेग वाढतो, पण मग वेगवेगळे चॅनेल मोजकेच उरतात. मी सगळीकडे ऐंशी मेगाहर्ट्झची रुंदी ठेवलीय, म्हणून पाचच. इमारतीत वायफायची यंत्रं बावीस. नवरा म्हणाला, म्हणजे बावीस जावा आणि पाच शेगड्या. एकीचं होईपर्यंत दुसरीने ताटकळायचं.

घास हातातच राहिला. वेगाचं मोजमाप मी सुट्टीत केलं होतं. रिकाम्या इमारतीत! तेव्हा ताटकळायला होतं कोण?

५ ऑगस्ट

साहेबांना सांगितलं, रुंदी वीसवर आणू. वेग उतरेल, पण यंत्रं एकमेकांच्या आड येणार नाहीत. त्यांचं म्हणणं, उद्या तपासणी कमिटी येतेय, वेगाचा आकडा अहवालात गेलाय.

"तुमची खात्री आहे का?"

तशी नाही, म्हटलं मी. मग कमिटी गेल्यावर बघा, म्हणाले. आणि मी बरं म्हणाले. का म्हणाले?

६ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी पाचला कमिटी गेली. सव्वापाचला रुंदी वीस केली.

७ ऑगस्ट

दिवसभर वायफायच्या नोंदी पाहत बसले. तिच्या टॅबलेटची जोडणी एकदाही तुटली नाही! साहेब म्हणाले, बघा, एका दिवसाने काय बिघडलं?

खरंच बिघडलं नाही. मग ही धाकधूक कसली?

८ ऑगस्ट

टॅबलेट माझ्या टेबलावर. पुसलेला, वायर नीट गुंडाळलेली. कारकूनबाई म्हणाल्या, गुरुवारी दुपारीच परत करून ती घरी गेली. तुम्हाला द्यायचा राहून गेला.

काल जोडणी तुटली नाही, कारण टॅबलेट जोडलेलाच नव्हता.

तो घेऊन तिच्या जागेवर जाऊन बसले. अख्खा तास. एकही शब्द तुटला नाही.