गळा काढायचा तो कोपऱ्यावरून

आई, मला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी घेतलंय. नाटकात काम कसं करायचं ते शिकायला, अभिनयाची रीतसर पदवी घ्यायला. सोंगं आणायला कॉलेज कशाला लागतंय, असं तुझ्या वेळी कुणीही म्हणालं असतं, आणि आपल्या आळीत आजही तेच म्हणतात. फीचं जमलंय, त्याचा घोर लावून घेऊ नकोस. उद्या संध्याकाळपर्यंत दोघांतल्या एकाला हो कळवायचंय. एकदा कळवलं की दुसरीकडची जागा गेली. जवळपास सगळे एकीकडं आणि मी एकीकडं, अशी गत आहे. पण माझं ठरलंय, आणि ते तुझ्यामुळं ठरलंय, म्हणून त्यांना कळवायच्या आधी तुला सांगते.

तू मयतीला निघालीस की मी तुझा पदर सोडायचे नाही. टेम्पोत मागं बसून तुम्ही बायका वाटभर कांद्याच्या रोपाचं बोलायच्या, सुनांचं बोलायच्या, हसायच्यासुद्धा. मग त्या गावची गल्ली येते. कोपऱ्यावर टेम्पो थांबतो. तू खाली उतरतेस, पदर डोक्यावरून पुढं ओढतेस, एकदा घसा साफ करतेस आणि गळा काढतेस. घरात पोचल्यावर नाही, कोपऱ्यावरूनच, कारण आतल्या बायकांना आवाजावरून कळलं पाहिजे कोण आलं ते. आतून त्यांचा हेल येतो, बाहेरून तुझा जातो, आणि उंबऱ्यापाशी तुम्ही एकमेकींच्या गळ्यात पडता. गेलेल्या बाईचं सगळं तू त्या हेलात घालायचीस, तिच्या हातची भाकरी, तिचं चालणं, तिनं शेवटचं काय मागितलं ते. मग कुणीतरी थोरली बाई पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि म्हणायची, बास कर आता. रडणारीनं आपणहून गप व्हायचं नसतं, दुसरीनं गप करायचं असतं, हे मला तेव्हाच पाठ झालं होतं.

चुलत जाऊ गेली तेव्हाचं तुला आठवतं का? तिचं नि तुझं पाटाच्या पाण्यावरून कायमचं वाकडं. तरी तू अशी रडलीस की दोघींना तुला धरावं लागलं. येताना टेम्पोत तू पेरू खात होतीस. मी विचारलं, "खोटं रडलीस ना?" तू पेरूची फोड माझ्या हातात दिलीस. "खोटं कशाला रडू? तिच्या उशाला बसले आन् मला माजी आई आठवली. तितं परतेकीला आपापलं मानूस आठवतंय. मयत कुनाचं का असंना."

त्यानंतर एकदा मी अंगणात पोरी जमवून मयत-मयत खेळत होते. बाहुली मेली होती आणि मी तुझ्यासारखा हेल काढत होते. तू चुलीपुढून उठून आलीस आणि पाठीत एक धपाटा घातलास. मला वाटलं, अभद्र खेळ खेळले म्हणून मारलं. पण तू म्हणालीस, "कोन लागती ती तुजी? आदी नातं ठरीव, मग रड. नुसता मोकळा आवाज काडू नको." आणि आत जाऊन भाकरी उलटलीस. तेवढ्यात ती करपली होती, ती तू मलाच वाढलीस.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं उरकलं. गावोगावच्या बायका कोपऱ्यावरून रडत आल्या, आणि मी तुझ्या पायाशी बसून नुसती ऐकत राहिले. पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही, काळीज दगडाचं हाय, असं कुणी म्हणालं तेही ऐकलं. मी त्या सगळ्यांत तुझ्यासारखं कोण रडतंय ते शोधत होते. कुणीच नव्हतं. मग माझ्याच्यानं रडणं झालं नाही, आणि पुढंही झालं नाही.

आता मी राहात्याच्या शाळेत मराठी शिकवते, पोरांची स्नेहसंमेलनातली नाटकं बसवते. त्यातूनच हे वेड. पहिलं विद्यापीठ लई मोठ्या नावाचं. त्यांना मी इंग्रजीतला एक उतारा मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला, त्यांनी घेतलं. दुसरं समुद्राकाठच्या कुठल्याशा लहान गावातलं. त्यांनी लॅपटॉपवर समोरासमोर परीक्षा घेतली. तीन परीक्षक, मधोमध एक पांढऱ्या केसांचे सर. ते म्हणाले, तुमच्या भाषेत, तुमच्या घरात घडणारं काहीतरी करा. मी आत्या वारल्यावर भाची तिच्या दारी येते, असा प्रसंग बांधून ठेवला होता. नातं ठरवलं होतं, बरं का.

भर दुपारची वेळ, घरात आम्ही बापलेक दोघंच, त्यात दादा मळ्यात. मी लॅपटॉप ओसरीत ठेवला, त्यांना नमस्कार केला आणि उठून बाहेर गेले. त्यांच्यासमोर नुसती रिकामी खुर्ची. पण मी तरी काय करणार, गळा काढायचा तर कोपऱ्यावरूनच काढायचा, खुर्चीत बसून कुणी रडतं का? कोपऱ्यावर पोचले, पदर नव्हता म्हणून ओढणी घेतली, आणि सुरू केलं. दोन घरं ओलांडेपर्यंत मनात आत्या होती. पाण्याच्या टाकीपाशी आले आणि तोंडातून निघालं, "आई गं, मला न सांगता कुठं गेलीस." पुढचं मग माझ्या हातात राहिलं नाही. तुझी करपलेली भाकरी आली, पेरू आला, धपाटा आला.

आळीतली दारं धडाधड उघडली. जेवती माणसं उष्ट्या हातानं बाहेर आली. भिंतीला भिंत लागून राहणारी जिजी चपला न घालता पळत आली, तिच्यामागं चारदोन बायका, आणि ओसरीत सगळ्या माझ्या गळ्यात. कोण गेलं हे कुणी विचारलंच नाही, आधी रडल्या. जिजीनं तिच्या थोरल्या लेकाचं नाव घेतलं, तो जाऊन किती वर्षं झाली. शेवटी तिनंच तांब्या आणला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बास कर पोरी. तवा रडली न्हवतीस, आत्ता रडलीस व्हय?"

मग तिला लॅपटॉप दिसला. त्यात तीन परकी माणसं गप्प बसलेली. जिजीला वाटलं, मयत तिकडंच झालंय आणि हे सुतकी बसलेत. ती खुर्चीत टेकली, पडद्याकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, "जानारं गेलं. तुमी आता अन्नपानी घ्या, पोराबाळांकडं बगा." त्यांना शब्दही कळला नसणार. दोघांना हसू आवरेना, त्यांनी खाली बघितलं. पांढऱ्या केसांच्या सरांनी मात्र छातीवर हात ठेवला, मान लववली आणि जिजी उठेपर्यंत तशीच ठेवली.

खरं कळल्यावर जिजीनं मला झोडपायचंच बाकी ठेवलं. "जित्या मानसांच्या घरात गळा काडतीस? हे लक्षान चांगलं हाय का?" सगळ्या आळीत माझा उद्धार झाला. पण दिवेलागणीला ती पिठलं-भाकरी घेऊन आली, कारण रडणं झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, मग मयत असो नसो. दादा पाट घेऊन बसले. पहिला घास घेतला. मग म्हणाले, "मी मळ्यातून येत हुतो. लांबून आवाज आला. मला वाटलं, तीच हाय." आणि पुढं जेवले.

आता शाळेतले सगळे म्हणतात, मोठ्या नावाचं सोडून त्या लहान गावात कशाला मरतेस. दादासुद्धा आधी तेच म्हणाले. मी त्यांना त्या सरांची लवलेली मान सांगितली. दादा म्हणाले, मग तिकडंच जा. न समजता जो मान लववतो त्याच्या हाताखाली मी काहीही शिकेन, मला त्याची खात्री आहे. उद्या सकाळीच कळवून टाकते, संध्याकाळची वाट कशाला बघायची.

हे तुला पाठवण्यात अर्थ नाही. तू असतीस तरी तुला वाचता यायचं नाही, तू ते दादांपुढं वाचायला धरलं असतंस, आणि पुढचं दादांनी वाचलेलं मला नकोय. त्या दिवशी बायका गेल्यावर सरांनी विचारलं होतं, कोण वारलं होतं? मी डोळे पुसले आणि म्हणाले, कुणी नाही, तो अभिनय होता. त्यावर त्यांनी मला जागा दिली. आई, तो अभिनय नव्हता. तो मला अजून येत नाही, आणि तोच शिकायला चाललेय.