डावीकडचं मी बघतो

प्रिय भिंगरी,

एकाच छपराखाली राहणाऱ्या आजोबाने नातीला पत्र लिहावे, हे तुला विचित्र वाटेल. पुढच्या खोलीपासून तुझ्या दारापर्यंत चौदा पायऱ्या आहेत. गेल्या सतरा दिवसांत त्या मी कितीदा चढलो, दाराशी उभा राहिलो आणि घसा खाकरून परत फिरलो. तोंडाने बोलू लागलो की मला दाखले सुचतात, आणि दाखल्यांच्या आडोशाला माणूस सुखाने लपतो. कागदावर तरी सरळ बोलेन. ओळी मात्र सरळ नसतील. एकमेकींवर चढल्या असतील, तर सावकाश वाच.

शिकाऊ परवाना मिळाला त्या दिवशी तू तो माझ्या उघड्या ग्रंथावर आणून ठेवलास. म्हणालीस, “आजोबा, शेजारी परवानेवालं माणूस लागतं. बाबा ओरडतात, आईला वेळ नाही. राहिलात तुम्ही.” त्या ‘राहिलात तुम्ही’ने मी किती सुखावलो, ते आता सांगायलाही लाज वाटते. बंद कारखान्याच्या आवारात आपण रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या दोन रांगा मांडत असू. गाडी मागे घेताना तू ते पाडायचीस आणि मी उतरून, कमरेवर हात ठेवून, पुन्हा उभे करायचो. क्लच सोडताना गाडी आचके देऊ लागली की मी म्हणे, “अगं, उचकी लागली तिला, पाणी पाज!” आणि तू स्टिअरिंगवर डोके टेकून हसायचीस. चढावर थांबून, तसूभरही मागे न घसरता पुढे जाणे तुला तीन आठवड्यांत साधले. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करण्याची जी जागा तुला मिळाली आहे, ती परवान्यावाचून टिकणार नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मला घाई होती. तू प्रत्येक वळणावर थांबून दोन्हीकडे मान वळवायचीस आणि मागचे लोक भोंगे वाजवायचे. तेव्हा मीच वाटणी करून दिली, “उजवीकडचं तू बघ, डावीकडचं मी बघतो.”

सतरा दिवसांपूर्वी चौकात आपले शेजारचे शिंपीकाका कापडाचा गठ्ठा घेऊन डावीकडून रस्त्यात उतरले. गाडी धावत नव्हती, नुसती सरकत होती. तरी ते पडले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. शिंप्याचे उजवे मनगट! संध्याकाळी तुझा बाबा म्हणाला, “लक्ष कुठं होतं तुझं? तुझ्या हातात गाडी दिली, तिथंच चुकलं.” तू खाली मान घालून म्हणालीस, “माझंच लक्ष नव्हतं.” मी समोरच बसलो होतो, ग्रंथावर हात ठेवून. एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून तू रोज काकांकडे जेवण नेतेस, त्यांच्या सुयांत दोरे ओवून ठेवतेस आणि गाडीजवळून जाताना तोंड फिरवतेस.

भिंगरी, डाव्या डोळ्याने मला दोन वर्षांपासून दिसत नाही. उजव्यातही धुके उतरत आहे. डॉक्टरांनी गाडीचा नाद सोडायला लेखी बजावले होते. तो कागद मी घरात कोणाला दाखवला नाही. पहाटेच्या पाठाने मला सांभाळून घेतले. अध्याय मुखोद्गत, पान कोठे उलटायचे तेही बोटांना ठाऊक. एकदा तू म्हणाली होतीस, “दोन पानं एकदम उलटलीत की, तरी वाचन चालूच! चीटिंग!” मी ते हसण्यावारी नेले. जन्मभर ज्या शब्दांपुढे नतमस्तक झालो, त्यांचाच मी पडदा केला. चौकात तू मान डावीकडे वळवू लागली होतीस. मीच म्हणालो, “रिकामं आहे, चल.” तू ते वाक्य विसरली नसणार. तरीही घरात त्याचा उच्चार केला नाहीस. म्हातारा माणूस, चुकला असेल, असे म्हणून तू सारे आपल्या अंगावर घेतलेस. पण चूक नकळत होते. मला दिसत नाही, हे मला कळत होते.

आज सकाळी मी शिंपीकाकांना हे सांगून आलो. डाव्या हाताने गुंडी लावता लावता ते थांबले. विचारले, “पोरीला सांगितलंत?” मी नाही म्हणालो. “मग आधी माझ्याकडं कशाला आलात? मनगट काय, जुळेल कधीतरी. ती इथं रोज रडते.” तेथून मी परवान्याच्या कचेरीत गेलो. काल तू परीक्षा रद्द करण्याचा अर्ज माझ्या हाती दिला होतास, “तेवढा देऊन या,” म्हणून. खिडकीत मी माझा परवाना दिला, कायमचा. तुझा अर्ज दिला नाही. तो याच पाकिटात आहे. तुझ्या बाबाला आज जेवणाच्या वेळी मी स्वतः सांगेन. तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तू ती देशील, तुझा स्वभाव मी ओळखतो. परीक्षा गुरुवारी आहे. अर्ज द्यायचा की फाडायचा, हे तू ठरव. फक्त हे जाणून ठरव, की त्या दिवशी तू मान वळवली होतीस.

ज्याच्या शब्दावर तू गाडी पुढे घेतलीस तो, तुझाच,
आजोबा