आत्याच्या पुड्यांतला चंद्र

वाटूर, २० नोव्हेंबर १९७४

ती. रामरावकाकांना भुजंगाचा शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याला तुमची बरणी उचलून निघालो, तेव्हापासून हे पत्र लांबवून राह्यलो. भीती न्हाई, राग होता. मधे सेलूच्या बैलबाजारात रमलो. एका खोंडाची शिंगं अशी, की... जाऊ द्या.

सध्या उषाआत्याकडे आहे. तिचा दमा वाढलाय. तुम्ही सख्खे भाऊ, वरून वैद्य, पण भाऊबीजेलासुद्धा आला न्हाईत. मंग मीच वैद्य झालो. बरणीतल्या अभ्रकभस्माच्या पुड्या तिला देऊन राह्यलो. रुईच्या रसात ते खलत होतो मी, गोवऱ्यांत भाजत होतो मी, आणि गिऱ्हाइकासमोर गाढव म्हणून घेत होतो तेही मीच.

निश्चंद्र झाल्याबिगर पुडी बांधायची न्हाई, हे तुमचं बोलणं बराबर ध्यानात आहे. अवसेला बरणी अंगणात उघडी ठेवली. चंद्राचं नाव न्हाई. मंगच पुड्या बांधल्या.

माझ्यावरचा लोभ आटला असेल, तर उरलासुरला आत्यावर ठेवा.

भुजंग


जुना जालना, २३ नोव्हेंबर १९७४

चि. भुजंगास आशीर्वाद, रीत म्हणून.

मूर्खा, चंद्र आभाळातला नव्हे, भुकटीतला! अभ्रकाच्या चमकेला आम्ही चंद्र म्हणतो. चिमूट उन्हात धर. एक कण जरी लकाकला, तरी ते भस्म नाही, कच्चा अभ्रक आहे. पोटात काचेसारखा टोचेल. भस्म इतकं बारीक हवं, की बोटाच्या रेषांत शिरून बसावं, पाण्यावर तरंगावं. त्या बरणीला अजून कितीतरी आगी द्यायच्या होत्या.

आत्याच्या पुड्या जल्दी बंद कर. भांडण आम्हा भावाबहिणीचं आहे, त्यात तुझं नाक नको. तिला काही झालं, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

रामराव


वाटूर, २६ नोव्हेंबर १९७४

ती. काकांना नमस्कार, दुरून.

चिमूट उन्हात धरली. नुसती चमचम! तसाच घरात आत्याकडे पळालो. तिनं मिसरीच्या डब्यातून सगळ्या पुड्या काढून माझ्यापुढं टाकल्या. एकही उघडलेली न्हाई. म्हणाली, रामरावच्या खलातलं मी मेले तरी घेत न्हाई. तुमच्या भांडणानं ती वाचली, माझ्या अकलेनं न्हाई.

पण काका, चंद्र म्हणजे चमक, एवढं सांगायला तुमची जीभ झिजली असती का? गाढव म्हणताना तर बिलकुल झिजली न्हाई!

लोभाचं काय लिहावं, याचा विचार करून राह्यलो, तर दारात तुम्हीच. काखेत खल, धोतर धुळीनं लाल. माझ्याकडं न बघता तुम्ही उंबऱ्याबाहेरच थांबलात.

आत्या आतून विचारून राह्यली, कोण आलंय म्हणून.

हे पत्र टपालात न टाकता हातातच देतो. आता तुम्हीच सांगा.