उताणं कासव

अमरावती, ४ फेब्रुवारी २०२५

ती. चंदाआत्यास दामिनीचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मॉडेलच्या खोक्यातच चिठ्ठी टाकते आहे. इथल्या मुलांच्या प्राणिसंग्रहालयात नाच, नकला, वाढदिवसांसाठी एक मंडप बांधायचा आहे. माझे दोन आराखडे समितीनं परत पाठवले. दिसतं छान, पण पोरं इथं पाच मिनिटं तरी बसतील का, असं विचारलं. तिसराही पडला तर काम दुसऱ्याकडं जाईल, आणि स्वतःचं म्हणावं असं माझं हे पहिलंच काम.

तिसऱ्या आराखड्याचं हे मॉडेल तुझ्या अंगणवाडीत ठेव आणि पोरं काय करतात ते कळव. मला तर काहीच सुचेनासं झालं आहे. खाली वरूडची संत्री आहेत.

लोभ आहेच, या आठवड्यात थोडा जास्त लागेल.

तुझी,
दामिनी

अकोला, ९ फेब्रुवारी

चि. दामिनीले अनेक आशीर्वाद.

खोकं भेटलं, संत्रे संपले. तुह्या मंडपाचं मात्र मले काई समजून नाई राहिलं. एवढा मोठा गोल खड्डा, अन् चार खांब आभायाकडं कावून? छत टाकाचं भुलली का? घरी तुह्या आतोबाले दाखवलं, तर म्हणे पाण्याची टाकी असंन.

पोट्ट्याईनं तुरीचे दाणे लोकं म्हणून उतारावर बसवले अन् पोळ्याचा मातीचा बैल मंधात नाचवला. दाणे घसरून बैलापाशी जमत, पोट्टे हासत, पुन्हा वर बसवत. खिचडी थंडी झाली तरी उठेनात. हे चांगलं का वाईट, तूच सांग. मॉडेल वापस धाडून राहिली.

जेवत जाय वेळेवर. माया हाय तशीच हाय.

तुही आत्या

अमरावती, १७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, तू मॉडेल उलटं ठेवलंस. चूक माझीच, 'ही बाजू वर' हा कागद मी खोक्याच्या तळाला चिकटवला. तो खड्डा म्हणजे कासवाची पाठ, तेच छत होतं. खांब म्हणजे त्याचे पाय.

पत्र वाचून आधी रडले. मग कासव उताणं ठेवून बघत बसले. कोणती बाजू बरोबर, ते मलाच ठरवता येईना. शेवटी उताणंच नेलं. सावलीसाठी चार पायांवर आईच्या लुगड्याचा तुकडा ताणला, आणि मूठभर तूर घेतली.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, हा कोणता प्राणी. मी तूर त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी उतारावरून एक दाणा सोडला. मग आणखी एक. चहा थंड झाला तरी ते उठेनात. काम मला मिळालं, आत्या.

लोभ असाच उलटसुलट राहू दे.

तुझी,
दामिनी

ता. क. मोठं मॉडेल पाठवते आहे. कोणती बाजू वर, ते या खेपेला खोक्यावर लिहिलेलं नाही.