तिसऱ्या रॉडची कॅप

अण्णा, तुमची नजर अधू झालीय हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं, ते मुरगूडच्या त्या ट्रॅक्टरमुळं. शाळेत शिकवून परतताना मी नेहमीसारखी बावड्यातल्या आपल्या गॅरेजात आले होते. तुम्ही इंजिन उलटं ठेवून पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड बसवत होता. रॉडच्या खालची कॅप त्याच रॉडची लागते, दोन्हींवरचे नंबर जुळून एकाच बाजूला यावे लागतात, हे तुम्हीच मला शिकवलेलं. एकेक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवून बघायचा, जड गेला तर तिथंच थांबायचं. त्या दिवशी तिसरी कॅप आवळल्यावर क्रँक फिरेना. तुम्ही पुन्हा जोर लावला. मी वाकून बघते तर रॉडवर तीन आणि कॅपवर चार.

"अण्णा, ही चौथ्याची हाय," मी हळूच म्हणाले.

तुम्ही त्या आकड्यावरून अंगठा फिरवत राहिलात. मग म्हणालात, "मला दिवाळीपासनं नीट दिसत न्हाय." आणि पाना माझ्या हातात दिलात. "तू बसव. मी हाय की हितं."

मी पदर खोचला. कॅपा बदलल्या, नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. शेवटी तुम्ही क्रँक फिरवलात, तो अलगद फिरला. ट्रॅक्टरचा मालक आला तेव्हा त्याला म्हणालात, "पावणं, इंजिन माझ्या लेकीनं बांधलंय." त्याला थट्टा वाटली, तो हसला. तुम्ही हसला नाहीत. हात धुतलेत आणि पुन्हा कधी पाना उचलला नाहीत.

त्यानंतर तुम्ही स्टुलावर बसून सांगायचात, मी बसवायचे. साखरेनं आधी नजर नेली, मग पाय, आणि एका उन्हाळ्यात तुम्हाला. दवाखान्यात शेवटी तुमची बोटं चादरीवर नट आवळल्यासारखी फिरत होती. मी हात धरला तरी थांबेनात.

गॅरेज मी लगेच बंद केलं. एवढा हात बसलेला, सोडलंस कशाला, असं लोक अजून विचारतात. त्यांना काहीतरी सांगते. तुम्हालाही कधी सांगितलं नाही, आता हा कागदही घडी घालून कपाटातच ठेवीन. अण्णा, इंजिनाची मला कधीच आवड नव्हती. आई गेल्यापासून तुम्ही घरी बोलायचा नाहीत. गॅरेजात तेवढं बोलायचात, म्हणून मी यायचे.