शेवटच्याने भरायचा हंडा

९ ऑक्टोबर

बेटावरचं घर बंद केलं. जमलं एकदाचं!

नवरा, ताउनो, होता तोवर हे काम त्याचंच. मी आणि सासूबाई होडीत बसून कॉफी प्यायचो, आणि हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून तो आत एकटाच घरातलं पाणी काढायचा. मला वाटायचं, त्याच्या आईला सगळं माहीत असणार. आईला वाटायचं, बायकोला माहीत असणार. आज पंपासमोर उभं राहून आम्ही एकमेकींकडे पाहिलं, तेव्हा कळलं की दोघींनाही काही माहीत नाही.

मग डोकं चालवलं. विहिरीचा पंप सोडवला, सगळे नळ उघडे टाकले, गरम पाण्याच्या टाकीचं बूच काढलं. पाणी घळाघळा उतारावरून तळ्याकडे पळालं. पाइपांत राहिलेलं काढायला तोंड लावून फुंकर मारली – खरंच! सासूबाई खुर्चीवर बसून म्हणाल्या, "एवढा दम होता तर लग्नात नाचली का नाहीस?" मोरीच्या वाकड्या नळीत न गोठणारं निळं द्रावण ओतलं. गाद्या भिंतीपासून सरकवल्या, फ्रीजचं दार उघडं ठेवलं.

पाणी गेल्यावर घर इतकं गप्प झालं की आम्हीही हळू बोलायला लागलो. उन्हाळाभर त्या भिंतींत काहीतरी गुरगुरत असतं, ते गेलं.

मग वर्षातला शेवटचा सौना, बाहेरच्या लाकडी न्हाणीघरातली वाफेची आंघोळ. तिथे पाइप नाहीत, सगळं बादल्यांनी. ताउनोने स्वतःच्या हाताने बांधलेली विटांची चूल, तिच्यात बसवलेला बिडाचा मोठा हंडा. मी आधी आंघोळ करून बाहेर आले. सासूबाई मागून आल्या, बऱ्याच वेळाने. चेहरा लालबुंद.

सकाळी बेटावर जातानाच होडीत त्यांना एकदाचं सांगून टाकलं होतं – नाताळ झाला की मी कायमची शहरात, ताम्पेरेला जाणार, कातरीकडे. लेक किती दिवस मागे लागली आहे. "बरं," म्हणाल्या. बस. मी मनात केवढी तयारी केली होती!


१ नोव्हेंबर

ताउनोच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आलो. अख्खं कबरस्तान दिव्यांनी भरलेलं. सासूबाई वात नीट करत त्याला म्हणाल्या, "घर बंद केलंय रे. तुझ्या बायकोने नळ वाजवले." मला हसू आलं, मग रडू.


१६ नोव्हेंबर

तळ्याच्या खाडीवर बर्फाची पातळ साय धरली. शेजारच्या आर्तोने आमची होडी गेल्याच आठवड्यात ओढून पालथी घातली.


१७ नोव्हेंबर

वाटाण्याचं सूप खाताना सासूबाई खिडकीतून बाहेर बघत सहज म्हणाल्या, "सौनाचा हंडा काठोकाठ भरून आलेय मी. पुढच्याला त्रास नको."

माझा चमचा हातातच राहिला.

इथला रिवाजच तो. शेवटी आंघोळ करील त्याने हंडा भरून ठेवायचा. पुढचा येऊन जाळ करील तेव्हा कोरडा हंडा तडकू नये म्हणून. लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण ते उन्हाळ्यात!

"सासूबाई, हिवाळ्यात तो रिकामा ठेवतात."

"आजवर ताउनो बघायचा. मी ऐंशी वर्षं भरतेय, माझा हात भरणारच."

आणि सूप वाढून घेतलं.

बिडाला लवचिकपणा नसतो. पाणी गोठून फुगलं की तो उलतो. आणि हंडा विटांत बसवलेला, तो काढायचा तर चूल फोडायची. त्या चुलीत ताउनोचे दोन उन्हाळे आहेत. एका विटेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे, ओल्या मातीत उमटलेला. बाकी सगळं त्याचं मी वाटून टाकलं – कोट, गळ, सायकल. चूल तेवढी राहिलीय.


१८ नोव्हेंबर

आर्तोकडे गेले. तो माझ्याकडे न बघता जाळं दुरुस्त करत होता.

"होडी काढू या का?"

"साय कापत नेलीस तर होडीच कापली जाईल."

"मग चालत?"

"चालत जा की. अर्ध्या वाटेपर्यंत पोचशील. उरलेलं बुडाशी."

ना होडीचे दिवस, ना पायांचे. दरवर्षी असे काही आठवडे येतात आणि दरवर्षी मी ते विणकाम करत घालवते. बेट इथून दिसतं! धुराडंसुद्धा दिसतं. आणि जाता येत नाही.

आर्तो म्हणाला, "मोठा हंडा आहे, लाकडी झाकण आहे. वरून आणि कडेनेच गोठत जाईल. मधे पाणी राहिलं असेल तोवर आशा आहे." मग जाळं झटकत, "थंडी पडू दे म्हणजे बर्फ धरेल. पण फार नको."


२५ नोव्हेंबर

ही कसली प्रार्थना करायची? थंडी वाढली तर वाट तयार होते आणि हंडा फुटतो. थंडी सरली तर हंडा वाचतो आणि वाट जाते. सकाळी तापमापक बघते आणि आनंद मानावा की घाबरावं, कळत नाही.


२९ नोव्हेंबर

उणे अठरा. वारा नाही. दुपारी तीनलाच अंधारायला लागलं तेव्हा कचरा टाकायला बाहेर गेले, आणि तळं बोललं.

आधी लांबून एक हुंकार. मग तो बर्फाखालून धावत आला, माझ्या पायांखालून पलीकडे गेला, आणि शेवटी तार तुटल्यासारखा झणाणला. मी इथेच जन्मले, साठ वर्षं हे ऐकतेय. तरी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. एवढं मोठं पाणी आपली कातडी ताणतंय, आणि त्याला हाका मारायलासुद्धा कोणी नको. घरापुढचं दगडी बाक पुढच्या बाजूला चिरलेलं दिसलं. फटीत शिरलेलं पाणी असेल, ओंजळभर. दगड फोडला त्याने!

ओंजळभर पाण्याने. आणि हंड्यात किती बादल्या!

आत आले तर सासूबाई गरम वेलदोड्याचा पाव खात होत्या, लोणी जाड. "ऐकलंत?" म्हटलं. "ऐकलं. चांगलं धरतंय," म्हणाल्या. इतका राग आला मला! मुलाची चूल फुटायला निघालीय आणि या बाईंना भूक लागते.


६ डिसेंबर

स्वातंत्र्यदिन. दरवर्षीसारख्या खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. कातरीचा फोन: "आई, खोकी भरलीस का?" म्हटलं, "हंड्याचं होऊ दे." ती म्हणाली, "कसला हंडा?" तिला समजावता समजावता माझाच आवाज चढला. लेकीवर उगाच चिडले.

खोकी अजून रिकामीच आहेत. एकात मांजर झोपतं.


११ डिसेंबर

आर्तो पहारीने बर्फ ठोकत बेटापर्यंत जाऊन आला. किनाऱ्यावरूनच ओरडला, "चार बोटं आहे! काळा, कडक. उद्या चला, पण अंतर ठेवून."

"सासूबाई, तुम्ही घरीच थांबा."

"मला बर्फगाडीवर बसव आणि ढकल. वजन माझं आता कोंबडीइतकं आहे."


१२ डिसेंबर

जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहिते.

यंदा बर्फ पडायच्या आत तळं गोठलं. त्यामुळे वर पांढरं काही नाही, नुसती काच. पाऊल टाकलं आणि खाली तळ दिसला. दगड, बुडालेले ओंडके, मग खोल खोल हिरवं, आणि मग काळोख. एक मासा माझ्या बुटाखालून निवांत गेला. बर्फात बुडबुडे एकावर एक अडकलेले, वर यायला निघाले आणि तिथेच थांबले. मी देवाचं नाव फारसं घेत नाही. आज घेतलं.

पुढे आर्तो ठोकत चाललेला, मागे मी गाडी ढकलत, गाडीत सासूबाई मांडीवर घोंगडी घेऊन. एकदा तळ्याने हुंकार दिला आणि एक पांढरी चीर आमच्या शेजारून सरकन गेली. मी जागीच थिजले. सासूबाई पुढे बघतच म्हणाल्या, "ते जागा करून घेतंय. तू ढकल."

आधी घरात गेले. सगळं कोरडं! नळ उघडे, एक थेंब नाही, कुठे चीर नाही. भिंतींवर आतून दवाची पांढरी फुलं, खुर्च्यांवर, ताउनोच्या टोपीच्या खुंटीवर. घर आम्ही सोडलं तसं उभं, कोणाचीही वाट न बघता. माझ्याने हे झालं यावर विश्वास बसेना.

मग सौना. झाकण उचललं. मधोमध बर्फाचा फुगवटा वर आलेला, भाकरीसारखा. आर्तोने टोचा मारला. आतपर्यंत घट्ट. बाहेरून विटा धड होत्या. हंडा दिसतो तेवढा धड होता.

"वितळल्याशिवाय कळायचं नाही," आर्तो म्हणाला. बारीक जाळ केला, अगदी बारीक. सासूबाई पायरीवर बसून एकेक काटकी देत होत्या. मी त्या विटेवर, त्याच्या अंगठ्याच्या खळग्यात माझा अंगठा ठेवून बसले. बर्फ हळूहळू काठापासून सुटला, फिरायला लागला, पाणी झालं. मला वाटलं, वाचला.

आणि खाली निखाऱ्यात एक थेंब चुर्र झाला. मग दुसरा.

उभी चीर होती, केसाएवढी. बाकी पाणी आम्ही डब्याने काढून बाहेर ओतलं. परत येताना सासूबाईंची गाडी मी आर्तोला ढकलायला दिली.


१४ डिसेंबर

आज मीच विचारलं. होडी ओढली, खाडीवर साय धरली, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी कसं आठवलं तुम्हाला?

विणकाम खाली ठेवलं त्यांनी. "आठवायला विसरले कुठे होते? होडी असताना बोलले असते, तर तासाभरात ओतून आली असतीस. आणि नाताळनंतर गेली असतीस."

"चूल ताउनोची होती."

"मला पोरगा एकच होता, राइली. त्याची चूल मला ठाऊक नाही होय? ती फोडून पुन्हा बांधायला उन्हाळा जाईल. मला एकटीला विटा उचलवत नाहीत."